बिनखाडाखोडीचे तात्या

शिवाजी पेठेतले नृसिंहराव अष्टेकर, म्हणजे अख्ख्या गल्लीचे तात्या, हे मोठे लेखक होते. त्यांनी अजून काही लिहून पुरं केलेलं नव्हतं, एवढीच काय ती उणीव. बाकी लेखकाला लागतं ते सगळं त्यांच्यापाशी होतं. सोप्यात खिडकीला लागून उतरतं मेज होतं. काळ्या आणि तांबड्या शाईच्या दौती होत्या, निबांची डबी होती, टीपकागद होता. आणि तात्या लिहायला बसले की भांड्याला भांडं न लावता घासणारी बायको होती. ती बायको म्हणजे माई.

माई मॅट्रिक होऊन कॉलेजात वर्षभर जाऊन आलेली. त्या वर्षात तिनं जे काही मिळवलं असेल ते असो, पण समोरचा माणूस काय करतोय हे न बोलता बघत बसायची विद्या तिला फार चांगली साधली होती. संसारात तिला तेवढ्या एकाच विद्येचा उपयोग झाला.

तात्यांची उभी हयात कोल्हापूर दरबारच्या दप्तरात गेली. अक्षर असं, की बघणाऱ्यानं मजकूर न वाचताच मान डोलवावी. त्यांच्या साहेबांचा एक नियम होता. कारकुनाच्या कागदावर खाडाखोड चालायची नाही. शब्द खोडायचाच झाला तर शेजारी सही हवी, आणि सहीचा अधिकार साहेबांचा. आता एका काना-मात्रेसाठी साहेबांपुढं उभं राहून "चुकलो" म्हणायचं, त्यापेक्षा कागद बाजूला ठेवून पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिणं सोपं. तात्यांनी आयुष्यभर ते सोपं काम केलं. नोकरीत त्यांच्या हातून एकही खोडलेला शब्द बाहेर गेला नाही, ही गोष्ट ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगत. एखादा पाहुणा घाईत असला तर चहाविना जाई, पण हे ऐकून जाई.

एकोणपन्नास साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तात्या घरात विलीन झाले. नवे साहेब आले, त्यांनी टंकयंत्रं आणली, आणि सुंदर अक्षराच्या माणसांना लवकर घरी जाण्याची सोय करून दिली. तात्या कोट घालून सकाळी दारात उभे राहत आणि कुठं जायचं नाही हे आठवून परत आत येत. त्यांच्यापाशी उरलं होतं ते एकच. पेठेत कुणाला अर्ज लिहायचा असो, लग्नपत्रिकेचा मजकूर करायचा असो, लोक म्हणत, "तात्यास्नी इचारा. लिवणारा माणूस हाय."

म्हणून तर तालमीचा सेक्रेटरी आकाराम नारळ घेऊन दारात आला. आकारामचं सायकलींचं दुकान होतं आणि बोलणंही पंक्चर काढल्यासारखं, थेट भोकावर बोट ठेवणारं.

"तात्या, पंचावन सालच्या दसऱ्याला आपल्या तालमीला पन्नास वर्सं व्हत्यात. इतिहास पायजे. तुमी लिवायचा. अजून लई टाइम हाय, निवांत लिवा."

निवांत लिवा, हे त्यानं सांगायला नको होतं.

त्याच्या मागोमाग जोतीराम वस्ताद काठी टेकत आले. तालीम यांच्या वडलांनी बांधलेली, आणि यांनी स्वतः तिथल्या तांबड्या मातीत दोन पिढ्या घोळवलेल्या. आता छाती भरून यायची, डॉक्टरनं आखाड्यात उतरायला बंदी केली होती. वस्ताद उतरत नसत, काठावर बसून शिव्या देत.

"तात्या, बाकीचं काय लिवायचं ते लिव बाबा," ते म्हणाले, "पर खासबागंतली माझी अन् चिक्कोडीच्या पैलवानाची कुस्ती त्यात आली पायजे. त्या टायमाला पेपरात आली न्हाय. पेपरवाला म्हणं त्या दिवशी जुलाबानं आजारी हुता. मी जायच्या आत मला ती वाचून दाव. माझ्या कानानं ऐकायची हाय मला."

"वस्ताद, शब्द दिला," तात्या म्हणाले. दाराआड उभी माई तेव्हाच सावध झाली. कारण तात्या शब्द द्यायला कधी अडत नसत. अडत ते शब्द लिहायला.

तात्या बसले. फुलस्केप कागद, वर ठसठशीत 'श्री', आणि खाली पहिलं वाक्य: 'करवीर नगरीत, शिवाजी पेठ येथे, सदरहू तालमीची स्थापना'. इथं त्यांना वाटलं, 'करवीर नगरीत' पेक्षा 'करवीर क्षेत्री' बरं. खोडायचं तर शक्यच नव्हतं. कागद बाजूला. दुसरा कागद, श्री, 'करवीर क्षेत्री, शिवाजी पेठ येथे, सदरहू'. इथं वाटलं, शिवाजी पेठ आधी घ्यावी. कागद बाजूला. दुपारपर्यंत तालमीची स्थापना व्हायची राहूनच गेली.

असं एक दिवस झालं असतं तर गोष्ट सांगायची गरज नव्हती. पावसाळे आले, गेले. गल्लीत वीज आली. पोरं फुटबॉल खेळता खेळता बाप झाली. तात्यांची तालीम अजून स्थापन व्हायची होती. कुणी विचारलं तर ते डोळे मिटून म्हणत, "सगळं डोक्यात तयार आहे. फक्त कागदावर उतरवायचं बाकी आहे." जणू डोक्यातून कागदावर माडीवरनं उतरावं तसं उतरायचं होतं आणि मधे फक्त कुणीतरी जिन्यात बसलं होतं.

बाद कागद माई जपून ठेवी. चांगला जाड कागद, वर दीड ओळ आणि खाली सगळं मैदान. त्यात ती पापड झाकी, चिमणीची काच पुसे, शेजारणीला भाजणी बांधून देई. त्यामुळं झालं असं, की इतिहासाचं पहिलं वाक्य घरोघर पोचलं. पुस्तक निघण्याआधीच इतका खपलेला लेखक कोल्हापुरात दुसरा नसेल.

त्याच सुमाराला माईनं दुपारी सोप्यात बायकांचा साक्षरतेचा वर्ग सुरू केला. सरकारी माणूस पाट्या-पेन्सिली देऊन गेला होता. चार बायका येत, त्यांत अंबूबाई म्होरकी. अंबूबाई म्हशी घेऊन पेठेत फिरायची आणि गिऱ्हाइकाच्या दारात, त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायची. पन्नाशीची बाई, मनगट असं की म्हैसही तिच्यापुढं अदबीनं उभी राही. पण पाटीवर 'अ' काढताना तिला घाम फुटे.

"माई, ह्यो 'अ' न्हवं, वाकडं गवत हाय गवत."

"असू दे. पुसा, पुन्हा काढा."

"पुन्हा वाकडा आला तर?"

"तर पुन्हा पुसा. पाटी काय झिजणारेय?"

मेजापाशी बसलेल्या तात्यांना हे सगळं ऐकू जाई. ते कपाळाला आठ्या घालून म्हणत, "अगं, त्यांना सांग, आधी अक्षर मनात पक्कं करावं आणि मग एकदाच काढावं. पुसापुशीची सवय वाईट." माई मान हलवी. नवरा बोलला की मान हलवायची आणि मनातलं हलू द्यायचं नाही, ही तिची रीत होती.

अंबूबाईचा 'अ' वाकडाच राहिला, पण वर्षभरात ती जोडाक्षरांच्या उंबऱ्याशी येऊन पोचली. एक दिवस माईनं दिलेल्या भाजणीचा कागद हातात धरून ती वर्गात आली आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली, "स... द... र... हू. सदरहू! माई, वाचलं बगा! पाटीवरचं न्हवं, कागदावरचं!" बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. "पर माई, सदरहू म्हंजे काय वो? ह्यो सबूद आमच्या जावंच्या घरच्या कागदावर बी हाय, मावशीच्या बी हाय. समद्या कागदांवर ह्योच. ह्याच्या म्होरं काय झालं ते कुनाकडंच न्हाय."

माई काही बोलायच्या आत मेजामागची खुर्ची करकरली. तात्या उठून परसात गेले आणि जाईच्या वेलाकडं बघत बराच वेळ उभे राहिले. वेलाला तेव्हा फुलं नव्हती.

पंचावन्नचा श्रावण लागला आणि आकाराम पुन्हा आला. या वेळी नारळ नव्हता.

"तात्या, कमिटीची बैठक झाली. दसऱ्याला वाचून दावायचं हाय. कुठवर आलंय?"

"डोक्यात..."

"डोक्यात कमिटीला बसता येत न्हाय. गणपती उठस्तोवर हातात पडलं तर ठीक. न्हायतर कोडोलीच्या सयाजी मास्तराला सांगतो. त्यो एका बैठकीत लिवून देतोय."

सयाजी मास्तर जिल्ह्याला ठाऊक होते. मानपत्रं लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. त्यांचं एकच मानपत्र होतं, त्यात ते नाव बदलत. डॉक्टर असो, सरपंच असो, गुरांचा दवाखाना असो, सगळे 'सूर्यासम तेजस्वी आणि सागरासम गंभीर'. गुरांचा दवाखाना सागरासम गंभीर कसा, हे विचारायचं धैर्य उद्घाटनाला जमलेल्यांत कुणाला झालं नव्हतं.

आकाराम गेला. तात्या खुर्चीत बसून राहिले. समोर कोरा कागद होता, पण त्यांनी टाक उचलला नाही. दरबार गेला तेव्हासुद्धा माईनं त्यांचा चेहरा असा बघितला नव्हता. तेव्हा दुसऱ्यांनी त्यांचं काम काढून घेतलं होतं. आता मात्र 'लिवणारा माणूस' हे नाव त्यांच्या स्वतःच्या हातानंच जायला निघालं होतं. 

"तुला काय वाटतं?" तात्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत लिहिण्याबाबत त्यांनी तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"मला वाटतं," माई म्हणाली, "वस्तादांना उद्यापासून दुपारी इकडं बोलवावं. चहा देईन."

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले. अंबूबाई आणि बायका एका बाजूला गिरवत बसल्या होत्या. वस्तादांनी बशीतला चहा फुंकून प्यायला, मिशा पुसल्या आणि कुस्ती सुरू केली.

"आमी दोघं आखाड्यात उतरलो तवा ऊन कलतं हुतं..."

तात्यांनी सवयीनं मेजाकडं बघितलं. मेजावर फुलस्केप कागद नव्हता. दौतींचा पत्ता नव्हता. माईनं सकाळी मेज पुसायला घेतलं होतं आणि सगळा संसार माळ्यावर नेऊन ठेवला होता.

"अगं, कागद?"

"वर आहेत. आता कोण चढतंय?" माईनं अंबूबाईच्या हातातली पाटी घेतली, पदरानं पुसली आणि तात्यांच्या मांडीवर ठेवली. "यावर टिपून घ्या. हा काही दरबारचा कागद नव्हे. कुणाला दाखवायचा नाही, की कुठं फायलीला लावायचा नाही."

"माझी पाटी!" अंबूबाई ओरडली.

"थोडा वेळ द्या की तात्यांना. त्यांना पहिला धडा काढायचाय."

वस्ताद थांबणाऱ्यांतले नव्हते. ते सलामीपर्यंत पोचले होते. तात्यांनी नाइलाजानं पेन्सिल धरली आणि लिहिलं: 'ऊन कलत होतं.'

"न्हाय न्हाय," वस्ताद म्हणाले, "ऊन न्हवतं. ढगाळ हुतं. ऊन आधल्या कुस्तीला हुतं."

तात्यांचा हात वर थांबला. मग तो हात, ज्यानं आयुष्यात एक शब्द खोडला नव्हता, नकळत खाली आला आणि कोटाच्या बाहीनं 'ऊन' पुसून टाकलं. त्या जागी 'ढगाळ' आलं. मागचं 'कलत'ही गेलं. 'ढगाळ होतं.' बाहीवर पांढरा पट्टा उमटला.

पाठोपाठ दुसरं वाक्य आलं. मग तिसरं. पाटी भरली तेव्हा तात्या वैतागून म्हणाले, "जागा संपली की!"

"मग कागदावर उतरवा आणि पुसा," माई म्हणाली आणि माळ्यावरचा कागद, जो कधीपासून तिच्या पदराखालीच होता, तिनं पुढं केला.

त्या दिवसापासून अष्टेकरांच्या सोप्यात पाचवा विद्यार्थी बसायला लागला. जाणारे-येणारे दारात थांबत. "काय तात्या, कितवीत?" "पास झाला तर पेढे द्या म्हणावं माईस्नी!" तात्या चष्म्यावरून बघत आणि पुसत. अंबूबाई रोज भांडे. "तात्या, माजी पाटी द्या की वो! मला 'क्ष' काढायचा हाय, अन् तुमचा पैलवान अजून लंगोटच बांदतोय!" शेवटी तात्या स्वतः महाद्वार रोडला जाऊन पाटी घेऊन आले. दुकानदारानं विचारलं तर भाचीसाठी हवी म्हणाले. भाचीला तेव्हा दोन मुलं होती.

अवघड काम वस्तादांचं होतं. त्यांची कुस्ती दर दुपारी वेगळी होई. एके दिवशी चिक्कोडीचा पैलवान रेड्याएवढा, दुसऱ्या दिवशी हत्तीएवढा. एकदा ती पान खाऊन होईस्तोवर संपली, एकदा दिवेलागणीला सुद्धा संपेना. पूर्वी असतं तर यातल्या एकेका फरकापायी तात्यांनी एकेक रीम कागद बाजूला ठेवला असता. आता ते नुसते "ठरवा एकदा" म्हणत आणि पुसत. एक दिवस एक परिच्छेद झाला. दोन दिवस काही झालं नाही. मग एका दुपारी वस्ताद आलेच नाहीत, छातीत दुखत होतं. त्या दुपारी तात्यांनी एकट्यानं तालमीच्या विहिरीचं वर्णन लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, आणि माईला वाचून दाखवलं. "चांगलंय," ती म्हणाली, "पण 'सदरहू' काढा." तात्यांनी पाच मिनिटं वाद घातला. मग बाही फिरवली.

गणपती उठायच्या आदल्या दिवशी इतिहास आकारामच्या हातात पडला. पुस्तक वगैरे झालं नव्हतं, ताव-दीड ताव मजकूर होता, पण त्यात तालीम स्थापन झाली होती. आकारामनं पानं उलटीपालटी केली आणि म्हणाला, "अरे, खरंच लिवलंय की!" यापेक्षा मोठी दाद तात्यांना नंतर कुणी दिली नाही.

तात्या मात्र आता पाहुण्यांना चहाच्या आधी वेगळं सांगू लागले. "लेखन ही घाईची गोष्ट नव्हे. टप्प्याटप्प्यानं जावं लागतं. आधी कच्चं, मग पक्कं. मी हे पहिल्यापासून म्हणतोय." माई चहा पुढं करी आणि मान हलवी.

दसऱ्याला सकाळी तालमीत माणूस मावेना. माती उकरून, हळद-लिंबू घालून मऊ केली होती, हनुमंताला नवा शेंदूर होता. काठावर बायका बसल्या, त्यांत माई आणि अंबूबाई. वस्तादांना खुर्ची दिली होती, गळ्यात हार, डोक्याला फेटा. चेहरा उतरलेला, पण कान टवकारलेले. तात्यांनी कोट घातला होता, बाही नीट झटकून. हातात पक्की प्रत होती. अशी प्रत, की दरबारच्या साहेबानंही उठून उभं राहावं. एक ठिपका इकडचा तिकडं नाही.

तात्या वाचू लागले. तालीम बांधली गेली, विहीर खणली गेली, लोक माना डोलवत होते. मग खासबाग आली. ढगाळ होतं. दोघं भिडले. माणसं पुढं सरकली. "...आणि जोतीराम वस्तादांनी बगलेतून हात घालून ढाक लावली, आणि चिक्कोडीच्या पैलवानाची पाठ मातीला लागली."

"ढाक न्हवं!" खुर्चीतून आवाज आला. "घिस्सा!"

सगळ्या माना खुर्चीकडं वळल्या.

"वस्ताद," तात्या हळूच म्हणाले, "तुम्ही दर वेळी ढाकच सांगितलीत."

"सांगिटलं असंल. आता तू वाचलास तवा मला दिसलं. मी त्याच्या मागं हुतो रं. म्होरं न्हवतो. मागं असल्यावर ढाकेचा डाव कसा लागंल? घिस्साच हुता." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हातारपणाचं, की त्या जुन्या ढगाळ दुपारचं, कुणास ठाऊक.

आखाड्याच्या काठावर जुन्या पैलवानांत लगेच दोन तट पडले. "ढाकच हुती, मी गेलतो की बघायला!" "तू तवा पाळण्यात हुतास!" आकाराम कपाळाला हात लावून उभा. पहिल्या रांगेत खास आमंत्रणावरून आलेले सयाजी मास्तर तात्यांच्या कागदाकडं दयेनं बघत होते.

तात्यांनी कागद खाली घेतला. माईनं त्यांचे ओठ ओळखले. हे ओठ 'ही प्रत बाद, मी पुन्हा पहिल्यापासून लिहून आणतो' असं म्हणायच्या आधी असेच मिटत. मग नवा कागद, नवं श्री, आणि वस्तादांची छाती काही पुढच्या दसऱ्यापर्यंत थांबायला बांधलेली नव्हती.

"तात्या," अंबूबाई काठावरून खड्या आवाजात ओरडली, "पुसा की! वाचा फुडं!"

हसू उसळलं. पण कागद पाटी नव्हती, बाहीनं पुसता येत नव्हता. तात्यांनी माईकडं बघितलं. तिनं या वेळी मान हलवली नाही, नुसती बघत राहिली. तात्यांनी खिशातून पेन काढलं, आकारामची पाठ पुढं ओढली, तिच्यावर कागद टेकवला आणि त्या देखण्या, निष्कलंक प्रतीतलं 'ढाक लावली' आडव्या रेघेनं खोडलं. 'बगलेतून हात घालून'ही खोडलं, कारण मागून असताना बगल कुठली? वर लिहिलं, 'मागून घिस्सा मारला'. मग ते थांबले. समास बघितला. इकडंतिकडं बघितलं, जणू साहेब कुठं दिसतायत का. साहेब नव्हते. तेव्हा तात्यांनी खोडलेल्या शब्दांशेजारी, समासात, ठसठशीत सही केली: नृ. गो. अष्टेकर.

"हां," ते घसा खाकरून म्हणाले, "तर जोतीराम वस्तादांनी मागून घिस्सा मारला..."

"आन् पाडला!" वस्ताद म्हणाले.

"तसंच लिहिलंय," तात्या म्हणाले. तसं लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा आकारामची पाठ ओढली.